न जळालेला बडग्या

विश्वनाथने आयुष्यभर चेहरे केले आणि त्यातला एकही शिल्लक नाही. निदान गेल्या थंडीपर्यंत आम्ही सगळे तसंच समजत होतो.

तो माझा शेजारी. त्याचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत. मूळचा कुहीकडचा, धानाची शेती भावाने सांभाळली आणि हा पोरवयात नागपूरला आला तो इथलाच झाला. मी झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करायची तेव्हापासूनची आमची ओळख. कंपनीला राक्षसाचं तोंड लागलं, कापलेलं मुंडकं लागलं, की विश्वनाथ बांबूच्या कामट्या, रद्दी आणि खळीचं भांडं घेऊन पडद्यामागे बसायचा. एकदा त्याने केलेलं मुंडकं ताटात घालून माझ्यासमोर आणलं आणि माझ्या तोंडचं वाक्यच पळालं. प्रेक्षकांना वाटलं, बाई शोकाने मुकी झाली. काय टाळ्या पडल्या! त्या टाळ्या त्याच्याच होत्या, असं मी तेव्हाही म्हणायची आणि आजही म्हणते.

पण त्याचं खरं काम वर्षातून एकदाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती आणि बडगे या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात. मोठ्या मारबती साऱ्या शहराच्या. आमचा बडग्या गल्लीपुरता. बांबूचा सांगाडा, कागदाचं अंग आणि त्यावर भलंमोठं डोकं. वर्षभराची रोगराई आणि कटकटी त्याच्यावर लादायच्या, "घेऊन जा" म्हणून ओरडत त्याला वस्तीबाहेर न्यायचं आणि जाळायचं. आमच्या गल्लीत आणखी एक रीत आहे, विश्वनाथच्या उस्तादाने घालून दिलेली. बडग्याचं डोकं पोकळ ठेवायचं. घरात कोणी आजारी असेल तर त्याच्या अंगावरची एखादी वस्तू मानेतल्या भोकातून आत सोडायची.

डोळे विश्वनाथ सगळ्यात शेवटी रंगवतो. रंगवले की लगेच वर फडकं टाकायचा आणि तो चेहरा पुन्हा बघायचा नाही. मिरवणुकीत तो बडग्याच्या पुढे चालायचा, त्याच्याकडे पाठ करून. वस्तीबाहेर पोचलं की आगीचं काम पोरांवर सोपवायचा आणि मागे न बघता घरी यायचा.

"एकदा डोळे काढले का तो पाहू शकते, ताई," तो मला सांगायचा. "अन् बनवणाऱ्याले त्यानं वळखलं, तर मंग तो जात नाही."

मी हसायची. आम्ही नाटकवाले असल्या गोष्टींना हसतो आणि स्टेजवर चढताना मात्र फळीला हात लावून नमस्कार करतो.

गेल्या थंडीतल्या एका रविवारी मी त्याच्या अंगणात मनकर्णाबरोबर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मनकर्णा ही विश्वनाथची बायको. त्यांचा मुलगा सुशील कोराडीच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहे. पूर्वी तो बायकामुलीला घेऊन तिकडेच भाड्याने राहायचा. तिकडच्या राखेने त्याच्या लेकीची, खुशीची छाती भरली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी जागा बदला. तेव्हापासून सगळे इथेच. सुशील मोबाइल घेऊन आला आणि बापापुढे धरला.

"बाबा, हा तुमचा तर नाही?"

मीही वाकून बघितलं. पांढऱ्या भिंतीपुढे एक डोकं. वासलेलं तोंड, बटबटीत डोळे, हनुवटीखाली लोंबलेला मास्क. आणि दात! ते दात माझे होते. म्हणजे माझ्या कपांचे. त्या मोठ्या आजाराच्या काळात माझा निळ्या वेलीचा चहाचा सेट फुटला होता आणि विश्वनाथने त्याचे तुकडे मागून नेले होते. एकेका दातावर निळी वेल दिसत होती.

"मुंबईत लिलाव आहे," सुशील सांगत होता. "रस्त्यावरची कला म्हणून. पाहा, काय लिहिलं आहे! बनवणाऱ्याची खात्री पटली तर आठ ते दहा लाख. आठ लाख, बाबा! तुमच्या टोपल्याले!"

विश्वनाथने त्याच्या हातातला मोबाइल घेतला आणि पाटावर उपडा ठेवला.

"हा जळला नाही?"

"नसनच जळला. जळला असता तर फोटो कसा येईन?"

"पोरायनं आग लावली होती. मले धुराचा वास आला होता."

"अहो बाबा, आता त्याचं काय? लाखाची गोष्ट करून राहिलो मी, अन् तुमी धूर काढून बसले."

घरातून खुशीच्या खोकल्याचा आवाज आला. एकदा, मग दुसऱ्यांदा. थंडीत कोणतं पोर खोकत नाही? पण विश्वनाथचा चेहरा असा उतरला की मनकर्णाच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या बडग्याच्या वर्षी खुशीची लाल लोकरीची टोपी त्याने स्वतःच्या हाताने त्या डोक्यात सोडली होती. त्यानंतर पोर बरी झाली. घर बदललं म्हणून झाली, औषधाने झाली, पण विश्वनाथच्या मनात ती त्या जाळामुळे बरी झाली होती. आणि आता जाळच झाला नव्हता म्हणे.

"बाबा, रद्दी अन् खळ आहे ते," सुशील जरा नरमून म्हणाला. "त्यात आजार बसून राहते काय?"

विश्वनाथ उठून आत गेला आणि झोपलेल्या नातीच्या नाकापुढे हाताची मागची बाजू धरून उभा राहिला.

पुढचे दिवस मी भीती फार जवळून बघितली. स्टेजवर मी घाबरण्याचं काम पुष्कळ केलं आहे. डोळे मोठे करायचे, पदर तोंडात धरायचा, दोन पावलं मागे सरायचं. खरी भीती तसलं काही करत नाही. विश्वनाथ नुसता ऐकत बसायचा. खुशी शाळेतून आली की तिच्या श्वासाकडे कान, ती पळाली की त्याचं अंग आखडायचं. घरातला कोणताही मोबाइल दिसला की उपडा करायचा. जेवताना हात घासासकट थांबायचा. आणि तो एकेक आठवत बसायचा. गल्लीतल्या जिजाबाईचा नवरा गेला तो त्याच महिन्यात. भावाच्या धानावर रोग पडला तो त्याच वर्षी. मनकर्णा पाय घसरून पडली तीही त्यानंतरच.

"सारं त्याच्याच पोटात होतं, ताई. अन् तो कोठंतरी डोळे उघडे ठेवून बसला राहिला. मी मागं वळून पाहिलं असतं तर..."

मी समजूत घालायची. पण संध्याकाळी भिंतीपलीकडून तो खोकला आला की माझाही हात कामात थांबायचा, हे इथे लिहायला हरकत नाही.

मग लिलाववाल्यांकडून फोन आला. श्वेता नावाची बाई मुंबईहून येणार होती. सुशीलनेच उत्साहाने त्यांना कळवलं होतं की बनवणारा आपला बाप आहे. डोकं अजून मुंबईला गेलेलं नव्हतं. ते इथेच, शहराबाहेर वाडी म्हणून भाग आहे तिथे, मालकाच्या गोदामात होतं. विश्वनाथने तिथे यायचं, वस्तू बघायची आणि आपली आहे की नाही ते लिहून द्यायचं. आणि मालक कोण? दुर्गेश. जिजाबाईचा मुलगा. आमच्याच गल्लीत वाढला, पुढे वाडीला ट्रान्सपोर्टचा धंदा टाकला, आणि बाप गेल्यापासून इकडे फिरकणं जवळजवळ बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वनाथ माझ्या दारात उभा.

"ताई, मले खोटं बोलाची तालीम द्या."

"कायले गा?"

"मी म्हणन, हा माह्या हातचा नाही. मंग त्याचा भाव जाते. भाव गेला का दुर्गेशले तो अडगळ. मी म्हणन, दे बाबू, शेकाले होईन. अन् नेऊन जाळतो."

मागून आलेली मनकर्णा म्हणाली, "यायले खोटं बोलता येते काय! माह्या बापानं लग्नाच्या बैठकीत इचारलं, जमीन किती? तर हे म्हणे, भावाची आहे. येत असतं तर तवाच बोलले असते."

"तू चूप राय वं."

मी चष्मा लावला, शाल खांद्यावर टाकली आणि मुंबईची बाई झाले. "काका, हे तुमचं काम आहे का?" विश्वनाथ जमिनीकडे बघून "नाही" म्हणाला. मी त्याची हनुवटी वर केली. खोटं बोलणारा माणूस खाली बघतो, त्याला सांगितलं. समोर बघ, आवाज पोटातून काढ, आणि वाक्य संपलं की लगेच दुसरं बोलू नकोस; खोट्याला घाई असते. दोन दिवस आम्ही हेच केलं. वाक्य बसलं. पण डोळे काही वर येईनात.

"समोर पाहिलं तर तो बसला राहीन ना, ताई."

"मग त्या बाईकडे बघ. फक्त बाईकडे."

अमरावती रोडवर ट्रकांची रांग आणि धूळ, आणि आत गोदामात पोत्यांच्या थप्प्यांमध्ये एक टेबल. सुशीलला सुटी मिळाली नव्हती, म्हणून विश्वनाथबरोबर मीच गेले. दुर्गेशने खुर्च्या पुसून दिल्या. पण तो आमच्या तोंडाकडे बघत नव्हता. टेबलावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ते मोठं डोकं होतं. विश्वनाथ त्याच्याकडे पाठ करून, पोत्यांकडे तोंड करून उभा राहिला.

श्वेता चांगली मुलगी होती. हातमोजे घालता घालता तिने सगळं समजावून सांगितलं. गेल्या वर्षी तिच्याकडे अशी दोन डोकी आली होती आणि दोन्ही बनावट निघाली. नवा कागद चहाच्या पाण्यात बुडवलेला, कडा लायटरने जाळलेल्या. म्हणून बनवणाऱ्याचा शब्द हवा.

"हे पाहा काका, बडगे सगळे जळतात. जे रस्त्यावर निघालं, लोकांनी हाताळलं, आगीत गेलं आणि तरी वाचलं, असं एकही आम्हाला माहीत नाही. किंमत त्याचीच आहे."

"म्हणजे जळला नाही म्हणून भाव?" विश्वनाथने पोत्यांना विचारलं.

"हो. त्याचमुळे."

त्याच्या मानेवर घाम फुटलेला मला दिसला. प्लास्टिक सुटल्याचा करकर आवाज झाला. श्वेता म्हणाली, "आता बघा. हे तुमचं काम आहे का?"

विश्वनाथ वळला. डोळे श्वेतावर रोखले, आवाज पोटातून काढला आणि म्हणाला, "नाही. हा माह्या हातचा नाही." नंतर गप्प राहिला. अगदी मी सांगितलं होतं तसा. मी मनातल्या मनात म्हटलं, शाब्बास.

"काका!" दुर्गेश ओरडला. "खोटं काहून बोलून राहिले?"

तो पुढे आला, त्या डोक्याच्या मानेत बोटं घातली आणि आतून काहीतरी ओढलं. तपकिरी मफलरचं एक टोक बाहेर आलं.

"हा माह्या बापाचा आहे. मीच टाकला होता. तुमच्यापुढं टाकला होता. आता म्हणता तुमचा नाही?"

"दुर्गेश, तू कायले आणला हा इथं?" मी विचारलं.

तो खाली पोत्यावर बसला. एवढा ट्रकवाल्यांवर गुरकावणारा गडी, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"पाणी पडून राहिलं होतं, ताई. अंग जळलं अन् डोकं गडगडत बाजूले आलं. पोरं भिजले म्हणून निघून गेले. मी पुन्हा आगीत ढकलाले गेलो तर मानेतून बापाचा मफलर लोंबून राहिला होता. बाप तिकडं दवाखान्यात, नळ्या लावून. मले वाटलं, मी माह्या हातानं त्यालेच जाळून राहिलो. मी उचललं अन् पळालो. आठवडा नाही झाला, बाप गेला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तवापासून ठेवू शकत नाही अन् जाळू शकत नाही. मायच्या पुढं उभा राहू शकत नाही. म्हटलं, मुंबईले जाऊ दे. गावाबाहेर तर जाईन."

म्हणजे तीन वर्षं वाडीत हा भीत होता आणि कशाला, ते आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं. आपण तो बडग्या वाचवला आणि बाप मारला, असं त्याने धरून ठेवलं होतं. आणि विश्वनाथही मनात अगदी तेच धरून होता. माझ्या अंगणात बसून त्याने मला ते कितीदा सांगितलं होतं!

मला वाटलं, आता हा बोलणार. सगळा राग, सगळी भीती या पोरावर काढणार.

विश्वनाथ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. हात त्याने पाठीमागे धरले.

"दुर्गेश, इकडं पाय. तुह्या बापाचं दुखणं त्याच्या छातीत होतं गा. मफलरात नोतं. कागदाच्या टोपल्यात काय बसते? रद्दी अन् खळ. मी बनवतो, मले मालूम नाही काय? तू नेला म्हणून तो नाही गेला. तो जाणारच होता, बाबू."

आवाज स्थिर. नजर सरळ. वाक्य संपल्यावर गप्प. त्याच्या मागे मी उभी होते, म्हणून त्याचे हात फक्त मला दिसले. पोत्याची सुतळी त्याने मुठीत इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. हे वाक्य मी त्याला शिकवलं नव्हतं.

दुर्गेशने मान वर केली. "मंग तुमी कायले खोटं बोलले? तुमाले कायले पायजे तो?"

"जाळाले."

"रद्दी अन् खळ आहे तर कायले जाळता?"

"मी भित्रा आहो म्हणून," विश्वनाथ म्हणाला. "माह्या नातीची टोपी आहे त्यात. ते पोर रात्रंदिवस खोकून राहिलं. तू नको भिऊ. पण माह्यासाठी दे."

श्वेताने हातमोजे काढले होते. ती हळूच म्हणाली, "काका, आता मला कोणत्याही कागदाची गरज नाही. एवढी खात्री मला कधी पटली नव्हती. दुर्गेशभाऊ, आज याची किंमत सांगितलेल्याच्या वर जाईल. विचार करून ठरवा."

"मॅडम, लिलावातून काढून टाका," दुर्गेश म्हणाला. तो उठला आणि बाहेर जाऊन आईला फोन लावला.

"अन् तो फोटो," विश्वनाथ श्वेताला म्हणाला. "त्यातले डोळेपण बंद करा."

तिने वाद घातला नाही. तिचं तोंड उतरलं होतं, ते एवढी वस्तू हातची गेली म्हणून की दुसऱ्या कशाने, ते मला सांगता येणार नाही. निघताना तिने त्या डोक्याला हात लावता लावता मागे घेतला.

जिजाबाई ऑटोतून आली. तेव्हा दुपार कलायला लागली होती. गोदामांच्या मागे मोकळी जागा आहे, वाळलेलं गवत, तुटकी टायरं. तिथे दुर्गेशने डोकं आणून ठेवलं. जिजाबाईने मफलरच्या टोकावरून बोटं फिरवली, मुलाच्या तोंडाकडे बघितलं आणि "भरून टाक आत," एवढंच म्हणाली. विश्वनाथने या वेळी फडकं टाकलं नाही. तो चेहऱ्यासमोर उकिडवा बसला आणि पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, आपल्या हातच्या कामाकडे नीट बघत राहिला.

"वळखते तर वळखू दे," तो पुटपुटला. "पण जा बाबा आता."

काडी त्याने स्वतः लावली. आता ओरडायला हवं होतं. मी घसा साफ केला. उघड्या माळावर, तंबूच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा हा आवाज. पण त्या बटबटीत डोळ्यांवर ज्वाळा चढताना बघून तो फुटेना. माझं वाक्य पुन्हा त्याच माणसाच्या हातच्या मुंडक्याने पळवलं. शेवटी जिजाबाईच ओरडली, चिरक्या, म्हाताऱ्या आवाजात, "घेऊन जा गा बडग्या, सारं घेऊन जा!" मग आम्ही तिच्या मागून ओरडलो. चार माणसं, ना ढोल ना गर्दी, पलीकडे ट्रकांचे हॉर्न. आतून काहीतरी फाडकन फुटलं आणि आम्ही सगळे दचकून मागे सरलो. बांबूचं पेर असेल. विश्वनाथ मात्र जागचा हलला नाही.

राख झाली, पण दात राहिले. चिनी मातीला आग काय करणार? काळ्या राखेत निळ्या वेलीचे तुकडे हसत पडले होते. विश्वनाथने काडीने उकरून एकेक बाहेर काढला आणि दगडावर ठेवून त्याचा भुगा केला. सूर्य खाली गेला तरी तो उकरतच होता.

खुशीला डॉक्टरांनी नवं औषध दिलं. उन्हाळा आला तसा खोकला कमी झाला. विश्वनाथ त्यावर चकार शब्द बोलत नाही. यंदा पोळ्याला त्याने बडग्याचे दात कागदाचे केले. मिरवणुकीत तो पुढे चालला नाही, मागून चालला, चेहऱ्यावर नजर ठेवून. उस्तादाची रीत मोडली म्हणून म्हातारे कुरकुरले. जाळ लागल्यावर सगळे घरी आले तरी तो हातात काठी घेऊन तिथेच उभा होता. शेवटची कामटी विझेपर्यंत राख उलटीपालटी करत राहिला.

परवा खुशीला जरा सर्दी झाली. तो माझ्या दारात आला. उंबऱ्यावर बसला.

"ताई, ते कपाचे दात. सारे सापडले होते ना? एखादा गवतात तर नसन राहिला?"

दात किती होते, ते मला कधीच ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं.

"सगळे सापडले," मी म्हणाले. "माझेच कप ते. मी मोजून घेतले होते."

आवाज पोटातून काढला. नजर सरळ त्याच्या डोळ्यांत ठेवली. आणि नंतर एक शब्द बोलले नाही.